लिंबोणीवरचे पाहुणे

मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी कोसळून गेल्या, की भिलाईच्या सेक्टरांमधील अंगणांत एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. उन्हाळाभर रापलेली लिंबोणी अंग झटकून उभी राहते आणि तिच्या फांद्यांच्या टोकांना तांबूस-पोपटी पालवी फुटते. या पालवीभोवती एके दिवशी सकाळी एक काळे-पिवळे फुलपाखरू घिरट्या घालू लागते. शेजारच्या वाफ्यात जास्वंद फुललेली असते, सदाफुली डवरलेली असते; पण त्यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही. एका पानाला पायांनी स्पर्श करते, दुसऱ्याला करते, तिसऱ्यावर पोट किंचित वळवून क्षणभर टेकते आणि उडून जाते. मागे राहतो मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा फिकट पिवळा मणी.

या मण्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. ज्याने लिंबोणी लावली, पाणी घातले, शेणखत दिले आणि लोणच्याच्या बरणीचे मनसुबे रचले, त्याच्या लेखी ही कीड होय. तीन आठवड्यांत कोवळी पाने फस्त होणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते आणि त्याचा हात फवारणीच्या पंपाकडे वळतो. दुसरी दृष्टी असते ती गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या माणसाची. त्याच्यासाठी हा मणी म्हणजे एका महिनाभराच्या नाट्याची पहिली घंटा असते. विशेष म्हणजे, पुष्कळदा हे दोन्ही गृहस्थ एकाच घरात राहतात. कधीकधी तर ते एकच असतात. पंप उचलावा की कॅमेरा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. अंगणाच्या दीड-दोनशे चौरस फुटांत नेमके काय जगवायचे, याचा तो निर्णय आहे.

पोलादनगरीतील हिरवी अंगणे

भिलाईचे नाव काढले की डोळ्यांसमोर येतात झोतभट्ट्या, धुरांडी आणि रेल्वेचे रूळ. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील माळावर हा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच त्याची वसाहतही आखली गेली. सेक्टरांत विभागलेली, रुंद रस्त्यांची, रस्त्यांच्या दुतर्फा झाडे असलेली आणि अनेक घरांपुढे-मागे मोकळी जागा राखलेली अशी ही वसाहत आहे.

मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपुराशी जोडलेल्या या गावात विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त आली आणि रुजली. येताना त्यांनी आपली झाडेही आणली. मागीलदारी कढीलिंब असायचाच. त्याला विदर्भातली माणसे गोडनिंब म्हणतात आणि छत्तीसगडातले शेजारी मीठा नीम. महादेवासाठी बेल, पाहुण्यांच्या सरबतासाठी लिंबू, मुलांसाठी सीताफळ, कुंपणाला सरळसोट वाढणारा अशोक. यांपैकी एकही झाड कोणी फुलपाखरांसाठी लावले नव्हते. परंतु नेमकी हीच झाडे पुच्छपंखी फुलपाखरांच्या अळ्यांचे अन्न आहेत. पूजा, स्वयंपाक आणि सावली यांच्या निमित्ताने मराठी अंगणाने नकळत एक पाळणाघर उभारून ठेवले होते.

शेपूट असलेले आणि नसलेले

इंग्रजीत या कुळाला ‘स्वॅलोटेल’ म्हणतात. पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी टोके यातील अनेक जातींच्या मागील पंखांना असतात, म्हणून हे नाव. शास्त्रीय भाषेत हे ‘पॅपिलिओनिडी’ कुळ. जगात त्याच्या सुमारे साडेपाचशे जाती असून, भारतात शंभराच्या आसपास आढळतात. मराठीत या कुळाला ‘पुच्छ’ असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान ज्याला दिला, ते ‘ब्लू मॉर्मन’ अर्थात ‘नीलवंत’ याच कुळातले. राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय.

गंमत अशी, की लिंबोणीवर सर्वांत आधी हजेरी लावणाऱ्या ‘लाइम बटरफ्लाय’ला मात्र शेपूटच नाही. काळ्या पंखांवर मलईच्या रंगाचे ठिपके आणि मागील पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी रंगाचा टिळा, ही त्याची खूण. लिनियसने १७५८ साली त्याला ‘पॅपिलिओ डेमोलियस’ हे नाव दिले. लिंबूवर्गीय झाडे जिथे जिथे गेली, तिथे तिथे हे फुलपाखरूही पोहोचू शकते, याचा दाखला अलीकडचाच आहे. आशियातील हा रहिवासी २००४ साली थेट कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात आढळला आणि तेथील बागाइतदारांना चिंतेत पाडून गेला.

त्याचा शेजारी ‘कॉमन मॉर्मन’ मात्र शेपटीवाला आहे. काळाभोर देह आणि मागील पंखांवर शुभ्र ठिपक्यांची आडवी माळ. तोही लिंबू, बेल आणि गोडनिंब यांवरच वाढतो. तिसरा पाहुणा ‘टेल्ड जे’. काळ्या पंखांवर हिरव्या पाचूंची पखरण केलेला हा चपळ गृहस्थ अशोक, सीताफळ आणि सोनचाफ्यावर अंडी घालतो. चौथे आणि पाचवे म्हणजे ‘कॉमन रोज’ आणि ‘क्रिमसन रोज’. यांना लागते ती ईश्वरीची वेल. ती मुद्दाम शोधून लावावी लागते.

सोंग घेणारी अळी

अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिला घास घेते तो स्वतःच्याच अंड्याच्या कवचाचा. पुढचे काही दिवस तिचे रूप विलक्षण असते. तपकिरी-काळा रंग, मध्ये पांढुरका पट्टा आणि ओलसर चकाकी असलेली ही अळी पानाच्या मध्यावर उघड्यावरच बसून राहते. पाहणाऱ्याला वाटावे, एखाद्या चिमणीने पानावर विष्ठा टाकली आहे. पक्ष्यापासून जीव वाचवायचा, तर पक्ष्याच्याच विष्ठेचे सोंग घेण्याहून सुरक्षित काय असणार!

पण देह वाढला, की हे सोंग पचत नाही. इतक्या मोठ्या विष्ठेवर कोणता पक्षी विश्वास ठेवील? म्हणून चौथी कात टाकून पाचव्या अवस्थेत येताना अळी एका रात्रीत वेष बदलते आणि पानासारखी हिरवीगार होते. हा पालट अळीच्या शरीरातील एका संप्रेरकाचे प्रमाण घटल्यामुळे घडतो, हे जपानमधील फुताहाशी आणि फुजिवारा या संशोधकांनी याच वंशातील एका जातीवर प्रयोग करून २००८ साली दाखवून दिले.

या अळीला कोणी डिवचले, तर ती डोक्यामागून एक दुभंगलेली, ओलसर, केशरी-लालसर शिंगजोडी झटकन बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही ग्रंथी पुच्छ कुळातील सर्व अळ्यांचे समान शस्त्र होय. छायाचित्रकाराला तिचे चित्र हवे असते, हे खरे. परंतु त्यासाठी अळीला वारंवार टोचणे म्हणजे तिच्या साठवलेल्या शक्तीची उधळपट्टी करायला लावणे. चुकून फांदी हलली आणि शिंगे दिसली, तर ते भाग्य समजावे. त्यासाठी काडी हाती घेऊ नये.

दोन-अडीच आठवड्यांनी अळी खाणे थांबवते, पोट रिकामे करते आणि जागा शोधत निघते. एखाद्या काटकीवर शेपटीकडील टोक रेशमाच्या गादीत रुतवून ती कमरेभोवती रेशमाचा एक धागा आवळते. टेलिफोनच्या खांबावर चढलेला लाइनमन पट्ट्याच्या आधाराने मागे रेलावा, तसा तिचा कोश डोके वर करून रेललेला दिसतो. हिरव्या फांदीवरचा कोश बहुधा हिरवा आणि सुकलेल्या काटकीवरचा तपकिरी असतो. आठवडाभर ते पंधरा दिवस, थंडीत त्याहूनही अधिक काळ, बाहेरून काहीच घडत नाही. मग एका संध्याकाळी कोश काळवंडतो आणि त्याच्या पातळ झालेल्या भिंतीतून आतल्या पंखांचे पिवळे ठिपके दिसू लागतात. ज्याला जन्माचे छायाचित्र हवे असेल, त्याने त्या रात्री बॅटरी भरून ठेवावी आणि पहाटेचा गजर लावावा.

बहुरूपी माद्या

कॉमन मॉर्मनची कथा तर कोणत्याही बहुरूप्याला लाजवील अशी आहे. याच्या नरांचे रूप एकच, पण माद्यांची तीन. एक नरासारखीच दिसते. दुसरी हुबेहूब कॉमन रोजसारखी आणि तिसरी क्रिमसन रोजसारखी. रोजच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीतील विषारी द्रव्ये अंगात साठवतात आणि ती पुढे फुलपाखरांतही उतरतात. पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची मादी स्वतः बिनविषारी असूनही विषारी शेजारणीचे लुगडे नेसून निर्धास्त वावरते. मॉर्मन पंथातील बहुपत्नीत्वाच्या प्रथेवरून, तीन तऱ्हेच्या बायका असलेल्या या फुलपाखराला हे नाव पडले, असे सांगितले जाते.

वेगवेगळ्या दिसणाऱ्या या माद्या एकाच जातीच्या आहेत, या गोष्टीचा ऊहापोह आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केला होता. १९१३ मध्ये फ्रायर यांनी सिलोनमध्ये या फुलपाखरांची पैदास करून या रूपांची आनुवंशिकता अभ्यासली. आणि २०१४ साली डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की या सगळ्या नाट्याचे सूत्र ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात कार्यरत असलेल्या डॉ. कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील पुस्तक २००० सालापासून निरीक्षकांच्या पिशवीत असते. मागीलदारच्या गोडनिंबावर बसलेली फुलपाखरीण दीडशे वर्षांच्या विज्ञानेतिहासाची नायिका आहे, हे कळल्यावर तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

छायाचित्रकाराने येथे एक साधी युक्ती ध्यानात ठेवावी. खऱ्या रोजचे पोट लाल असते आणि सोंग घेतलेल्या मॉर्मन मादीचे काळे. त्यामुळे केवळ उघड्या पंखांचे देखणे चित्र पुरेसे नाही. एक चित्र बाजूने, पोट दिसेल असे अवश्य घ्यावे. ओळख त्या एका चित्रावरच पटते.

आधी कुंडी, मग कॅमेरा

या छंदाकडे वळणारा नवखा माणूस प्रथम दुकानात जाऊन लेन्सच्या किमती विचारतो. जाणकार मात्र त्याला रोपवाटिकेत जायला सांगतात. फुलपाखराच्या मागे धावून मिळणारे चित्र बहुधा पाठमोरे आणि हललेले असते. फुलपाखराला यावेसे वाटेल अशी जागा सिद्ध केली, तर चित्र आपण होऊन समोर येते. ठाण्याजवळ घोडबंदर मार्गावरील ओवळे गावात राजेंद्र ओवळेकर या शिक्षकाने आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर फुलपाखरांची बाग उभारली, ती याच सूत्रावर. तेथे जाळी नाही, पिंजरा नाही. अळ्यांना हवी ती झाडे आणि फुलपाखरांना हवी ती फुले लावली. पाहुणे आपल्या पायांनी, नव्हे, आपल्या पंखांनी आले.

भिलाईच्या अंगणात तर अर्धे काम पूर्वजांनीच करून ठेवले आहे. एक लिंबोणी, एक गोडनिंब आणि एक अशोक एवढ्यावर तीन जाती नांदू शकतात. मधासाठी जास्वंद, एक्झोरा, पेंटास, झिनिया आणि सदाफुली यांचे वाफे सकाळचे ऊन पडेल अशा जागी असावेत. रोपवाटिकेतून नवे रोप आणताना एक काळजी घ्यावी. पुष्कळ रोपांना विक्रीपूर्वी कीटकनाशक दिलेले असते आणि ते पानांच्या रसात दीर्घकाळ टिकते. अशा रोपावर घातलेल्या अंड्यांतील अळ्या पहिल्याच घासांत दगावतात. बियांपासून वाढवलेले किंवा शेजाऱ्याकडून मागून आणलेले रोप त्या दृष्टीने अधिक भरवशाचे.

आणि मग येतो मे महिना. भिलाईत या दिवसांत पारा चाळिशी ओलांडून जातो आणि दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. लिंबोणीला संध्याकाळचे पाणी आणि आळ्यात वाळक्या पानांचे आच्छादन एवढे सांभाळले, तर पाऊस पडताच ती पालवते. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने हाच या छंदाचा सुगीचा काळ होय.

क्षण पकडण्याचे तंत्र

पुच्छ कुळातील फुलपाखरांचे छायाचित्र घेणे अवघड का, याचे उत्तर त्यांच्या सवयीत आहे. इतर अनेक फुलपाखरे फुलावर पंख मिटून निवांत बसतात. ही मात्र मध पितानाही पंख हलवतच राहतात. पुढचे पंख थरथरतात आणि मागचे त्या मानाने स्थिर असतात. त्यामुळे वेगवान शटर अपरिहार्य ठरते. सेकंदाच्या पाचशेव्या हिश्श्याने काम भागेल, हजाराव्या हिश्श्याने अधिक नेमके होईल.

दुसरी अडचण खोलीची. मॅक्रो लेन्सने अंड्याचे किंवा लहान अळीचे जीवमानाएवढे चित्र घेताना स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा असतो. माणसाचा श्वासही तो बिघडवू शकतो. येथे तिपाई हवी आणि वारा पडलेला हवा. मोठ्या फुलपाखरासाठी शंभर मिलिमीटरच्या आसपासची लेन्स सोयीची; जवळ न जाता चित्र भरते. पंखांची पातळी आणि कॅमेऱ्याची पातळी समांतर ठेवली, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्व नक्षी स्पष्ट उमटते.

तिसरी गोष्ट वेळेची. सकाळी सात ते नऊ या वेळात फुलपाखराचे अंग गार असते. ते पंख पसरून ऊन खात बसते आणि त्याचे उडणेही संथ असते. ऊन तापले, की तेच फुलपाखरू बाणासारखे सुटते. म्हणून पहिला चहा बागेतच घ्यावा. जवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, हात उंचावू नये, गुडघ्यावर बसून पावलापावलाने पुढे सरकावे. भडक कपडे टाळावेत. आणि एक पथ्य तर कटाक्षाने पाळावे. फुलपाखरू निपचित राहावे म्हणून त्याला डबीत घालून शीतकपाटात ठेवण्याचा प्रकार काही हौशी लोक करतात. तसे मिळवलेले चित्र चाणाक्ष डोळ्यांना लगेच ओळखू येते. त्यातील फुलपाखरू बसलेले नसते, ठेवलेले असते.

महागडा कॅमेरा नसल्यास खट्टू होण्याचे कारण नाही. अंडे, अळी आणि कोश हे तिन्ही जागचे हलत नाहीत किंवा सावकाश हलतात. आजचा साधा मोबाइलही त्यांची चांगली चित्रे टिपतो. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ चित्रे मावत आणि ती धुऊन येईपर्यंत काय साधले, काय हुकले हे कळत नसे. आज चित्र तत्काळ दिसते, हजारो चित्रांना खर्च येत नाही. एवढ्याने संयमाची गरज मात्र कमी झालेली नाही.

डास आणि फुलपाखरे

अंगणात जीवसृष्टी जोपासायची म्हटले, की भिलाईकराच्या मनात एक रास्त शंका उभी राहते. २०१८ च्या पावसाळ्यात या शहराने डेंगीचा भयानक उद्रेक पाहिला. कित्येक कुटुंबांनी आपली माणसे गमावली. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरच्या टाक्या, अंगणातली रिकामी डबडी यांत साचलेले स्वच्छ पाणी हे एडिस डासाचे माहेरघर असते. ज्या घरात ताप येऊन गेला, तेथे फुलपाखरांसाठी ओलावा राखा, असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखे वाटू शकते.

परंतु या दोन गोष्टींत मुळात विरोध नाही. फुलपाखरांना साचलेले पाणी नकोच असते. त्यांचे नर ओलसर मातीवर बसून तिच्यातील क्षार शोषतात. त्यासाठी पसरट ताटलीत वाळू भरून ती केवळ ओली ठेवली, तर पुरते. वाळूवर पाण्याचा थर नसेल, तर डासाच्या अळ्या वाढू शकत नाहीत. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात. कूलर आठवड्यातून एकदा कोरडा करून घासावा. डासाच्या अळीला पाण्यात वाढून पंख फुटायला सुमारे आठवडा लागतो. तेवढ्यात पाणी उलटले, की साखळी तुटते. धुराची फवारणी वाऱ्याबरोबर सर्वत्र पसरते आणि मित्र-शत्रू हा भेद तिला कळत नाही. उद्रेकाच्या वेळी ती आवश्यक असू शकते. पण एरवी प्रत्येक घराने आपले साचलेले पाणी उपसले, तर धुराची वेळ क्वचितच येते. ताप टळतो आणि लिंबोणीवरची अळीही वाचते.

अंगणाचा जमाखर्च

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लिंबाचे काय? कुंडीतल्या हातभर रोपावर चार-पाच मोठ्या अळ्या वाढल्या, तर त्याचा सांगाडा उरतो, हे खरे. मात्र जमिनीत रुजलेली, चार-पाच वर्षांची लिंबोणी तेवढी पाने सहज सोसते आणि पुढच्या पालवीत तूट भरून काढते. यावर साधा तोडगा असा, की खाण्यासाठी एक झाड आणि अळ्यांसाठी एक रोप ठेवावे. लहान रोपावर अळ्यांची गर्दी झाली, तर त्यांना फांदीच्या तुकड्यासह उचलून मोठ्या झाडावर ठेवावे. नुकसानीची तरतूद आधीच केली, की नुकसान बोचत नाही.

शिवाय निसर्ग स्वतःही हिशेब ठेवतो. एक मादी कितीतरी अंडी घालते, पण त्यांतील फारच थोडी फुलपाखरू होईपर्यंत टिकतात. मुंग्या आणि कोळी काही नेतात, बुलबुल आणि दयाळ काही टिपतात. सर्वांत कसबी शिकारी म्हणजे सूक्ष्म गांधीलमाश्या. काही अंड्यांतच आपली अंडी घालतात, काही अळीच्या देहात, तर काही नुकत्याच बनलेल्या मऊ कोशात. छायाचित्रकाराच्या वाट्याला येणारी सर्वांत मोठी निराशा हीच. पंधरा दिवस त्याने एका कोशावर नजर ठेवलेली असते, रोज एक चित्र घेतलेले असते, पहाटेचा गजर लावलेला असतो. आणि एका सकाळी त्या कोशाला सुईच्या टोकाएवढे गोल छिद्र पडलेले दिसते. त्यातून पिवळ्या ठिपक्यांच्या पंखांऐवजी एकामागून एक चिमुकल्या माश्या बाहेर पडू लागतात.

पहिल्या वेळी अनेकजण कॅमेरा खाली ठेवतात. तो ठेवू नये. लिंबोणीवरची अळी मर्यादेत राहते, ती याच माश्यांमुळे. विषारी फवारणीने अळ्या मरतात, तशा या माश्याही मरतात. आणि पुढच्या पालवीला अळ्या परततात, तेव्हा त्यांना आवर घालणारे कोणी उरलेले नसते. पंप हाती घेणारा माणूस आपल्या फुकटच्या राखणदारांनाच रजा देत असतो. कोशातून निघालेल्या माशीचे चित्र देखणे नसेल, पण अंगणाच्या हिशेबवहीतील ते एक खरे पान आहे.

चित्राची नोंद, नोंदीचे मोल

घरच्या अंगणात अळ्या वाढवून शास्त्रात भर घालण्याची परंपरा जुनी आहे. जर्मनीत जन्मलेली चित्रकर्ती मारिया सिबिला मेरियन १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. अळी, कोश, फुलपाखरू आणि त्यांचे अन्नझाड यांना एकाच चित्रात आणणारा तिचा ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे, साताऱ्यात १८५१ साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे मीठ आणि जकात खात्यातील अधिकारी. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या संस्थापकांपैकी ते एक. नोकरी सांभाळून त्यांनी डेव्हिडसन आणि बेल या सहकाऱ्यांसह कारवारच्या परिसरात फुलपाखरांच्या अळ्या वाढवल्या आणि त्यांच्या नोंदी १८९० च्या दशकात संस्थेच्या नियतकालिकात छापल्या. तिघेही सरकारी नोकर होते. त्यांची प्रयोगशाळा होती ती कचेरी सुटल्यानंतरचा वेळ.

आज अशी नोंद करणे कितीतरी सोपे झाले आहे. कॅमेऱ्यातील तारीख आणि वेळ बिनचूक ठेवावी. प्रत्येक चित्राबरोबर ठिकाण, अन्नझाडाचे नाव आणि अवस्था लिहून ठेवावी. ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ आणि ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळांवर सामान्य निरीक्षकांची छायाचित्रे जाणकार तपासतात आणि त्यांतून त्या त्या जातीचा आढळ नकाशावर उमटतो. २०२० पासून सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो, तोही अशा नोंदींसाठीच. आयझॅक किहिमकर यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला भारतीय फुलपाखरांवरील सचित्र ग्रंथ हाताशी असला, तर ओळख पटवणे सुकर होते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बचतीइतकीच नोंदींनाही लागू पडते. एका अंगणातील एक चित्र क्षुल्लक वाटते. दहा वर्षांची सलग नोंद मात्र पावसाचे लांबणे, उन्हाळ्याचे तापणे आणि पालवीचे सरकणे यांबद्दल बोलू लागते.

मागे राहणारे झाड

कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. निवृत्तीचा दिवस येतो आणि अनेकांना तीस-पस्तीस वर्षे ज्याला घर म्हटले, त्या क्वार्टरची किल्ली परत करावी लागते. सामान मालमोटारीत चढते. कोणी मुलांकडे पुण्याला जातो, कोणी नागपुरात फ्लॅट घेतो. कुंड्या नेता येतात. जमिनीत रुजलेली लिंबोणी नेता येत नाही. ती नव्या बिऱ्हाडकरूच्या हवाली होते आणि त्याच्या हाती पंप असेल की कॅमेरा, हे आधीच्या धन्याला सांगता येत नाही.

म्हणूनच जाणते लोक निघण्यापूर्वी नव्या शेजाऱ्याला घर दाखवताना नळ, मीटर आणि दाराची कडी यांबरोबर झाडही दाखवतात. ‘पावसाळ्यात पानावर चिमणीच्या विष्ठेसारखे काही दिसेल, ते पुसू नका,’ एवढे एक वाक्य पुरते. जोडीला एखादे छायाचित्र दिले, तर अधिक उत्तम. कारण ज्याने हिरव्या अळीचे आणि तिच्यातून निघालेल्या काळ्या-पिवळ्या पंखांचे चित्र शेजारी-शेजारी ठेवलेले पाहिले आहे, त्याचा हात पंपाकडे सहसा वळत नाही.

कोशातून बाहेर आलेले फुलपाखरू पहिला तासभर उडत नाही. चुरगळलेले, ओले पंख खाली लोंबकळत ठेवून ते फांदीला धरून राहते. पंखांच्या शिरांत द्रव भरतो, घड्या उलगडतात, नक्षी ताणली जाते. या तासात त्याला धक्का लागला, तर पंख कायमचे वाकडे होतात. त्या वेळी छायाचित्रकाराने तीन-चार चित्रे घ्यावीत, मागे सरावे आणि कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते पाहत बसावे. ऊन लिंबोणीवर येते. पंख एकदा मिटतात, एकदा उघडतात. आणि मग फांदी रिकामी होते.